जन्म कुवेतचा, दाखला कोकणातला: डीव्ही लॉटरीतल्या एका अर्जाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या डायव्हर्सिटी व्हिसा (डीव्ही) कार्यक्रमाला, म्हणजे बोलीभाषेतल्या 'ग्रीनकार्ड लॉटरी'ला, भारतात जन्मलेल्या माणसाला अर्ज करता येत नाही. आधीच्या पाच वर्षांत ज्या देशातून ५०,००० पेक्षा जास्त लोक स्थलांतरित म्हणून अमेरिकेत गेले, तो देश यादीतून वगळला जातो आणि भारत त्यात कायमच येतो. तरीही पुण्या-मुंबईत 'लॉटरीचा फॉर्म भरून देतो' म्हणून पैसे घेणारे भेटतात. खाली दिलेल्या कुटुंबाकडेही असा एक जण येऊन गेला होता. त्यांचं प्रकरण मात्र खरोखर पात्रतेत बसणारं होतं, आणि ते कसं, हे त्या एजंटाला शेवटपर्यंत समजलं नव्हतं.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नियम सांगितले आहेत ते डीव्ही-२०२४ या फेरीचे, जिचे अर्ज २०२२ मध्ये घेतले गेले. फी आणि अटी नंतर बदलत असतात, त्यामुळे इथले आकडे जसेच्या तसे पुढच्या वर्षासाठी धरू नयेत.

पार्श्वभूमी

नवरा-बायको पिंपरी-चिंचवडमध्ये राहणारे. तो १९८८ साली जन्मलेला, दहावीनंतर मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा, मग तीन वर्षं शारजात नोकरी, परत आल्यावर चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर. ती सांगलीची, १९९१ चा जन्म, बारावी सायन्स, बी.फार्म. लग्न २०१४ मध्ये, मुलगी २०१७ ची.

त्याचे आईवडील रत्नागिरी जिल्ह्यातले. वडील ऐंशीच्या दशकात कुवेतला एका कंपनीत फिटर होते आणि मुलाचा जन्म तिथल्या सरकारी इस्पितळात झाला. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. लाखाहून अधिक भारतीयांना त्या काळात अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी परत आणलं गेलं आणि हे तिघंही त्यांच्यातच होते. वडिलांना जन्मदाखल्याबद्दल विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, तेव्हा कागद कोण बघतोय? पासपोर्ट आणि पोर उचलून निघालो." मूळ दाखला कुवेतमधल्या सालमिया भागातल्या भाड्याच्या खोलीत राहिला. भारतीय दूतावासात जन्माची नोंदही केलेली नव्हती.

लॉटरीत नागरिकत्व पाहत नाहीत, जन्म कुठल्या देशात झाला ते पाहतात. त्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेला हा माणूस कुवेतच्या खात्यावर पात्र ठरत होता. आखातात जन्मलेली अशी मराठी मुलं आता तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना ही गोष्ट माहीतच नसते.

अडचण

ऑक्टोबर २०२२ मध्ये फॉर्म भरायला बसल्यावर दोन गोष्टी समोर आल्या.

पहिली त्याच्या शिक्षणाची. या व्हिसासाठी मुख्य अर्जदाराचं बारा वर्षांचं शालेय शिक्षण पूर्ण झालेलं असावं लागतं. ते नसेल, तर गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं अशा कामाचा अनुभव हवा, ज्यासाठी मुळातच दोन वर्षांचं प्रशिक्षण किंवा अनुभव लागतो. कोणतं काम त्यात बसतं हे अमेरिकेच्या श्रम विभागाच्या वर्गवारीवरून ठरतं. दहावी अधिक डिप्लोमा हा आपल्याकडे राजमार्ग असला, तरी तिकडच्या मोजमापात तो बारावीच्या बरोबरीने बसेलच असं नाही. मेंटेनन्स सुपरवायझरचं कामही वर्गवारीत काठावरचं होतं.

दुसरी अडचण जास्त खोल होती. पासपोर्टवर त्याचं जन्मस्थान म्हणून कोकणातल्या गावाचं नाव होतं. असं झालं कसं, तर १९९४ मध्ये आजोबांनी त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं आणि गुरुजींनी विचारल्यावर जन्मगाव म्हणून आपल्या गावाचं नाव सांगितलं. कुवेत सांगितलं असतं तर कागद मागितले असते, आणि कागद नव्हते. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच उतरलं. शारजाला जायचं ठरलं तेव्हा पासपोर्ट काढला. त्या वेळच्या नियमानुसार २६ जानेवारी १९८९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच जन्मदाखला सक्तीचा होता. हा त्याआधीचा, म्हणून शाळेचा दाखला चालला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं कोणाचंच काही अडलं नाही.

आता अडत होतं. कारण सगळी पात्रता ज्या एका गोष्टीवर उभी होती, तीच गोष्ट त्याच्या मुख्य ओळखपत्रावर चुकीची होती.

समोरचे पर्याय

एजंटाने सुचवलं ते सोपं होतं: १५,००० रुपये द्या, फॉर्म मी भरतो, नंबर माझ्याकडे राहील. 'नंबर माझ्याकडे' हा त्यातला खरा धोका. अर्ज सादर झाल्यावर जो कन्फर्मेशन नंबर मिळतो, त्याशिवाय निकाल बघता येत नाही. निवड झाल्याचा ईमेल किंवा पत्र परराष्ट्र खातं कधीच पाठवत नाही, अर्जदाराने स्वतः अधिकृत संकेतस्थळावर जाऊन पाहायचं असतं. नंबर एजंटाकडे असला की निवड झाल्यावर तो हवी ती किंमत मागू शकतो, आणि नेपाळमध्ये, आफ्रिकेतल्या देशांत असं सर्रास चालतं. शिवाय त्या वर्षी अर्जाला फी नव्हती, आणि फॉर्म अर्ध्या तासाचा. या कुटुंबाने नाही म्हटलं ते बरं केलं.

मग खरा प्रश्न: अर्ज कोणाच्या नावाने?

एकाच माणसाने दोन अर्ज केले तर दोन्ही बाद होतात. नवरा आणि बायको मात्र, दोघंही पात्र असतील तर, वेगवेगळे अर्ज करू शकतात आणि प्रत्येक अर्जात दुसऱ्याचं नाव जोडीदार म्हणून द्यायचं असतं. बायको सांगलीत जन्मलेली, म्हणजे स्वतःच्या जन्मावर अपात्र. पण नियम तिला नवऱ्याच्या जन्मदेशावर दावा करू देतो. अट अशी की दोघंही एकाच अर्जात असले पाहिजेत, दोघांनाही व्हिसा मिळाला पाहिजे आणि दोघांनी अमेरिकेत एकत्रच प्रवेश केला पाहिजे. फॉर्ममध्ये 'जन्मदेशाच्या आधारे पात्रता सांगता का' या प्रश्नाला 'नाही' म्हणून पुढे कुवेत निवडायचं.

इथे तिची बारावी कामाला आली. तिच्या अर्जात शिक्षणाचा प्रश्न निकालात निघत होता. जन्मस्थानाचा प्रश्न मात्र दोन्ही अर्जांत तसाच होता, कारण दोन्हींचा पाया त्याचा कुवेतचा जन्मच. दोन अर्ज केल्याने निवडीची शक्यता वाढली, आणि निवड तिच्या अर्जाची झाली तर वाट अधिक साफ होती. इतका विचार करून दोन अर्ज करणारी कुटुंबं क्वचित दिसतात.

तिसरा प्रश्न: फॉर्ममध्ये त्याचं जन्मस्थान काय लिहायचं, पासपोर्टवरचं की खरं? पासपोर्टवरचं लिहिलं तर तो भारतात जन्मलेला ठरतो आणि दोन्ही अर्ज तिथेच संपतात. खरं लिहिलं तर कागद नंतर जुळवावे लागणार. त्या वर्षी पासपोर्ट नंबर अर्जात द्यावा लागत नव्हता. २०१९ मध्ये आलेली ती अट २०२२ च्या सुरुवातीला तिथल्या न्यायालयाने रद्द केली होती. त्यांनी कुवेत लिहिलं. माझ्या मते इथे पर्याय असा नव्हताच. फॉर्म खऱ्या माहितीचा, आणि चुकीचा होता तो पासपोर्ट.

चौथा प्रश्न मात्र खरोखर दोन बाजूंचा होता: कुवेतचा जन्मदाखला आणि पासपोर्टची दुरुस्ती आत्ताच सुरू करायची की निवड झाली तरच? अर्ज कोटीच्या घरात येतात, व्हिसा वर्षाला फार तर ५५,००० मिळतात. न लागणाऱ्या लॉटरीसाठी दुसऱ्या देशातून कागद मागवायचे, पासपोर्ट कार्यालयात स्वतःहून 'माझी माहिती चुकीची आहे' म्हणायचं, पासपोर्ट अधिनियमाच्या कलम १२ ची, म्हणजे चुकीच्या माहितीबद्दलच्या शिक्षेची, भीती अंगावर घ्यायची? नवऱ्याचं म्हणणं होतं, "आधी लागू दे तर खरं." थांबायचं ठरलं.

काय केलं: अर्ज

डीव्ही-२०२४ ची खिडकी ५ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर २०२२ अशी होती. शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ रखडतं, म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात अर्ज केले.

फोटोने मात्र वेळ खाल्ला. चौकातल्या स्टुडिओवाल्याने सवयीप्रमाणे तिघांचे चेहरे उजळले, डाग पुसले, मागे निळा पडदा टाकला. डीव्हीला असा सुधारलेला फोटो चालत नाही. जेपेग फाइल, ६०० बाय ६०० पिक्सेल, २४० केबीच्या आत, साधी फिकट पार्श्वभूमी, चष्मा नाही, आणि फोटो सहा महिन्यांच्या आतला. आदल्या वर्षीचाच फोटो पुन्हा लावला म्हणून बाद झालेले अर्ज कमी नाहीत. शेवटी घरातच पांढऱ्या चादरीसमोर फोटो काढले. मुलीचा फोटो स्वतंत्र लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एकवीस वर्षांखालचं प्रत्येक अविवाहित मूल अर्जात दाखवावंच लागतं, मग ते बरोबर जाणार असो वा नसो. वगळलं, तर मुलाखतीच्या टेबलावर पूर्ण कुटुंबाचा अर्ज बाद होतो.

दोन्ही कन्फर्मेशन पानं छापून पॉलिसीच्या फाइलमध्ये ठेवली.

निवड आणि त्यानंतरची धावपळ

६ मे २०२३ पासून निकाल बघता येत होता. त्याच्या नंबरावर 'निवड झाली नाही'. तिच्या नंबरावर निवड.

निवड झाली म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. उपलब्ध व्हिसांच्या दुपटीहून जास्त लोकांना निवडलं जातं, कारण बरेच जण पुढे येत नाहीत किंवा टिकत नाहीत. निवडलेल्यांना मिळालेले क्रमांक पाळीपाळीने पुढे सरकतात, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला सगळं बंद. त्या तारखेनंतर कितीही पात्र असलात तरी व्हिसा नाही. म्हणजे हातात सोळा-सतरा महिने, आणि कुवेतचा दाखला अजून शून्यावर.

पहिला निर्णय डीएस-२६० या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्मचा. मुलाखतीचा नंबर तो भरल्यावरच लागतो. त्यात पासपोर्टचा तपशील लागतो, आणि नवऱ्याच्या पासपोर्टवर गाव चुकीचं. नवा पासपोर्ट येईपर्यंत थांबायचं, की जुन्यावर भरून नंतर दुरुस्त करायचं? त्यांनी जुलैमध्ये भरला. पासपोर्ट नंबर जुना, जन्मस्थान मात्र खरं. नवा पासपोर्ट आला की केंटकीतल्या कॉन्सुलर सेंटरला लिहून फॉर्म पुन्हा उघडून घ्यायचा, असं ठरवून. हे योग्यच झालं. थांबले असते तर मुलाखत नक्की मागे गेली असती.

कुवेतकडे दोन वाटा होत्या. एक, 'दाखला उपलब्ध नाही' असं पत्र आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. दोन, मूळ नोंदीची नवी प्रत. प्रतिज्ञापत्रं घरबसल्या होणारी, म्हणून घरातल्यांचा कल तिकडे होता. पण ज्या देशात नोंद असण्याची शक्यता आहे, तिथे न विचारता प्रतिज्ञापत्रं पुढे केली तर अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारणार. वडिलांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा अजून कुवेतमध्ये होता. त्याच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं, आणि सोबत एक गोष्ट पाठवली जिने काम झालं: आईच्या जुन्या पासपोर्टची प्रत. त्या काळी लहान मुलांची नावं आईच्या किंवा वडिलांच्या पासपोर्टवर चढवत. आईच्या पासपोर्टवर मुलाचं नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांच्या निवासी परवान्यांचे शिक्के होते. आरोग्य मंत्रालयाच्या नोंदणीत तारीख आणि आईच्या नावावरून नोंद सापडली.

प्रत आली, पण अरबीत. आडनाव 'प' ने सुरू होणारं. अरबीत तो ध्वनी नाही, म्हणून तिथे 'ब' लिहिलेलं. भाषांतरकाराने जसंच्या तसं 'बी' अक्षराने इंग्रजी केलं. शिवाय आडनावाच्या आधी आजोबांचं नाव, तिकडच्या पद्धतीप्रमाणे. कागदावर हा वेगळाच माणूस झाला. पहिलं भाषांतर परत पाठवलं आणि नव्यात मूळ लिपीतलं नाव तसंच ठेवून शेजारी पासपोर्टवरचं स्पेलिंग घेतलं, खाली भाषांतरकाराची टीप. एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र वडिलांकडून करून घेतलं. मग कुवेतच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि भारतीय दूतावासाचा शिक्का. नोव्हेंबर उजाडला.

पासपोर्टची दुरुस्ती सर्वांना वाटली होती त्यापेक्षा शांतपणे झाली, पण लवकर नाही. जन्मस्थान भारतातून परदेशात जात असल्याने कार्यालयाने नागरिकत्वाचा आधार मागितला. १९८८ मध्ये परदेशात जन्मलेल्याला वडील जन्माने भारतीय असतील तर वंशाने नागरिकत्व मिळतं, म्हणून वडिलांचा जन्मदाखला आणि जुना पासपोर्ट जोडला. आधीची चूक कशी झाली याचं साधं, खरं स्पष्टीकरण एका पानावर दिलं. "क्लेरिकल मिस्टेक" असं मोघम लिहायचा सल्ला कोणीतरी दिला होता, तो त्यांनी मानला नाही. पोलीस पडताळणी पुन्हा झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा पासपोर्ट हातात आला. शाळेच्या रजिस्टरमधली नोंद मात्र तशीच राहू दिली. शाळा सोडल्यावर ती बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं, आणि या कामाला तिची गरज नव्हती.

बायकोचे कागद सोपे वाटले होते. तिच्या महापालिकेच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकानाच कोरा निघाला. बारसं व्हायच्या आधी इस्पितळातून नोंद गेलेली, पुढे नाव कोणी घातलंच नाही. महाराष्ट्रात हे इतकं सर्रास आहे, की कोणत्याही परदेशी अर्जाआधी आपला दाखला काढून एकदा डोळ्यांनी बघावा. नाव घालायची मुदत सरकारने वाढवलेली होती, म्हणून तिच्या भावाने सांगलीत दोन आठवड्यांत ते करून घेतलं. बारावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, पासपोर्ट सासरच्या. दोघांमधला दुवा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र.

पोलिसांचे दाखले मुद्दाम शेवटी काढले, कारण भारतातला दाखला पासपोर्टच्या नंबरावर निघतो. सोळा वर्षांच्या वयानंतर जिथे बारा महिने किंवा जास्त राहिलात, त्या देशाचाही लागतो. म्हणजे त्याला अमिरातीचा हवा होता. कुवेत सोडलं तेव्हा तो दोन वर्षांचा, तिकडचा नको.

मुलाखत आणि निकाल

जूनमध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत झाली. त्याआधी नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी आणि राहिलेल्या लसी. फी माणशी ३३० डॉलर, तिघांचे ९९०, म्हणजे त्या वेळच्या भावाने ८२,००० रुपयांच्या आसपास. व्हिसा नाकारला तरी ही परत मिळत नाही.

अधिकाऱ्याने तिच्या बारावीकडे एक नजर टाकली आणि बाकी सगळा वेळ नवऱ्याच्या पासपोर्टवर घालवला. इतका नवा का? आधी काय होतं? कुवेतहून कधी आलात? त्याने जुना पासपोर्ट स्वतःहून पुढे केला आणि स्पष्टीकरणाची तीच एक पानाची प्रत दिली. निर्णय त्या दिवशी झाला नाही. २२१(जी) ची, म्हणजे कागद अपुरे म्हणून निर्णय थांबवल्याची, चिठ्ठी मिळाली: आईचा जुना पासपोर्ट मूळ स्वरूपात दाखवा. तो गावी होता. दुसऱ्या दिवशी वडील स्वतः एसटीने घेऊन आले; कुरियरवर त्यांचा विश्वास नव्हता.

मूळ पासपोर्ट जमा केल्यानंतर ऑगस्टमध्ये तिघांचे व्हिसा मिळाले. मुदत संपायला तेव्हा सहा-सात आठवडे होते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा प्रश्न त्या सात महिन्यांचा, ऑक्टोबर २०२२ ते मे २०२३. पासपोर्टची दुरुस्ती निकालापर्यंत थांबवणं समजू शकतं. कुवेतच्या नोंदीची चौकशी थांबवायला नको होती. ती स्वस्त होती, कोणत्याही कार्यालयाला काही कबूल करावं लागत नव्हतं, आणि नोंद सापडत नाही असं निघालं असतं तर पुढे पाऊल टाकायचं की नाही हे आधीच कळलं असतं. तिच्या अर्जाचा क्रमांक बराच पुढचा असता, आणि मुलाखत ऑगस्ट-सप्टेंबरला गेली असती, तर एका २२१(जी) च्या चिठ्ठीत सगळं वाहून गेलं असतं. यावेळी वेळ पुरला, यात नशिबाचा भाग आहे.

दुसरं, आईचा मूळ पासपोर्ट पहिल्याच दिवशी फाइलमध्ये हवा होता. ज्या कागदाच्या प्रतीवर कुवेतची नोंद सापडली, त्याचीच मूळ प्रत अधिकारी मागणार, याचा अंदाज बांधता आला असता.

तिसरी गोष्ट वादाची आहे. काही जण म्हणतील, डिप्लोमावाल्याने स्वतःचा अर्ज करायलाच नको होता. मला तसं वाटत नाही. त्याचा अर्ज निवडला गेला असता, तर फी भरण्याआधी वर्गवारी तपासून, नोकरीची पत्रं जमवून निर्णय घेता आला असता. अर्ज केल्याने काही जात नव्हतं.

शेवटचा निर्णय अर्जाबाहेरचा. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये ठरली होती. "तुम्ही दोघी पुढे व्हा, मी महिन्याभराने येतो," असं नवऱ्याने सुचवलं. बायकोची सगळी पात्रता त्याच्या जन्मावर असल्याने ते शक्यच नव्हतं. दोघांनी एकत्रच प्रवेश करायला हवा होता. शस्त्रक्रिया मागे-पुढे करण्यापेक्षा तिघं ऑक्टोबरमध्ये एकत्र गेले, ग्रीनकार्डची फी भरली, तिथल्या नातेवाइकांचा पत्ता कार्डासाठी दिला, आणि तो पंधरा दिवसांत एकटा परत आला. शस्त्रक्रिया झाल्यावर डिसेंबरात पुन्हा गेला. विमानाचं एक जास्तीचं तिकीट, एवढाच त्याचा खर्च.